बलून शेवटच्या सकाळी नको, पहिल्या सकाळी

प्रश्न: पुढच्या महिन्यात आम्ही चौघं चार रात्रींसाठी फिरायला जातोय. तिथली सूर्योदयाची हॉट एअर बलूनची सफर प्रसिद्ध आहे. सहलीचा शेवट झकास व्हावा म्हणून ती शेवटच्या सकाळी ठेवायचा विचार आहे. त्याच दुपारी परतीचं विमान आहे. सोबत सासूबाई आहेत (वय ६६, रोज चालतात, पण गुडघे दुखतात), मुलगा नऊ वर्षांचा आहे (उंची १२५ सेंटिमीटर), आणि नवरा, ज्याचं वजन १०४ किलो आहे आणि जो गच्चीच्या कठड्याजवळही उभा राहत नाही. दोन कंपन्यांच्या दरात जवळजवळ दुपटीचा फरक दिसतोय. अपघातांच्या बातम्या वाचल्यापासून धाकधूकही आहे. कंपनी कशी निवडायची, कोणी जायचं, कोणी नाही, काय घालायचं? आणि मुळात जावं का?

उत्तर: जावं. पण आधी तारीख बदला, बाकीचं नंतर बघू.

चार रात्रींच्या मुक्कामात तुमच्या वाट्याला चार सकाळी येतात. बलून शेवटच्या सकाळी ठेवला आणि नेमका त्या दिवशी वारा बिघडला, तर विषय तिथेच संपला. पैसे परत मिळतील, सफर मिळणार नाही. पहिल्या सकाळी ठेवला तर रद्द झाल्यावरही आणखी दोन सकाळी, आणि अगदीच अडलं तर शेवटचीही, हाताशी राहतात. गणित एवढं सोपं असूनही बरेच जण उलटं करतात, कारण शेवट गोड करायची हौस. मधला दिवस ठेवण्याची तडजोडही फारशी कामाची नाही. खराब हवा एका दिवसात सरेलच असं नाही. एकदा वारा किंवा धुकं बसलं की सलग दोन-तीन दिवसही मुक्काम ठोकू शकतं. पोहोचल्याच्या दुसऱ्याच पहाटे उठणं जिवावर येईल, हे मान्य. पण तुम्ही पश्चिमेकडे लांबचा प्रवास करून गेला असाल, तर पहिल्या दिवशी तीन-चारला आपोआप जाग येतेच. त्या जागरणाचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

बुकिंग करतानाच एक प्रश्न लेखी विचारून ठेवा: हवेमुळे रद्द झालं तर दुसऱ्या दिवशी आम्हाला जागा मिळेल का, की नव्याने रांगेत उभं राहायचं? गर्दीच्या हंगामात पुढच्या दिवसाच्या जागा आधीच विकलेल्या असतात. रद्द झालेल्यांना आधी सामावून घेणारी कंपनी आणि नुसती ‘बघू’ म्हणणारी कंपनी यांतला फरक तुम्हाला त्या दिवशी पहाटे साडेचारला कळून उपयोग नाही. आणि परतीचं विमान असलेल्या दिवशी बलून शक्यतो नकोच. हॉटेलमधून निघून परत यायला तीन-चार तास सहज जातात, आणि बलून कुठे उतरेल हे निघताना पायलटलाही नेमकं सांगता येत नाही. कच्च्या रस्त्यावरून गाडी तुमच्यापर्यंत पोहोचायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी तास.

सफर सूर्योदयालाच का, हे समजून घेतलं की रद्द होण्याचा रागही निम्मा होतो. रंग आणि फोटो हा वरचा नफा झाला. खरं कारण जमिनीचं तापमान आहे. ऊन चढलं की जमीन तापते, तापलेली हवा झोतासारखी वर उठते आणि बलून त्या झोतात सापडला तर पायलटच्या इच्छेविरुद्ध वर-खाली होतो. सूर्य उगवल्यानंतर साधारण दोन-तीन तासांत हे झोत सुरू होतात, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. त्याआधी उतरून मोकळं व्हायचं असतं.

दुसरं कारण वजनाचं. बलून उडतो तो आतली गरम हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते म्हणून. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा १.२२५ किलोच्या आसपास भरते आणि १०० अंशांची ०.९४६ किलोच्या आसपास. म्हणजे २,८०० घनमीटरचा, मध्यम आकाराचा बलून एकूण ७८० किलोपर्यंत उचलतो. त्यातून कापड, बास्केट (माणसं उभी राहतात ती वेताची टोपली), बर्नर (हवा तापवणारी शेगडी), गॅसचे भरलेले सिलिंडर वजा करा. उरलं ते पायलटचं आणि प्रवाशांचं. तोच बलून बाहेर ३० अंश असताना जेमतेम ६१० किलो उचलतो. दोन प्रवासी तिथेच कमी झाले. आतली हवा हवी तेवढी तापवताही येत नाही, कारण कापडाला मर्यादा आहे. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं हे कापड रोज शंभर अंशांच्या आसपास वापरलं जातं, त्यावर फार गेलं की त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून पहाटेचा गारवा पायलटला हवाच असतो.

आता रद्द होण्याबद्दल. जमिनीलगतचा वारा ताशी १५ ते १८ किलोमीटरच्या वर गेला की प्रवासी बलून साधारणपणे उडवत नाहीत. धुकं, पाऊस किंवा आसपास गडगडाटी ढग असले तरी नाही. पण सगळ्यात जास्त भांडणं होतात ती ‘पानसुद्धा हलत नाहीये, मग रद्द का?’ यावरून. रात्री जमीन गार होते तेव्हा तिच्यालगतचा हवेचा थर शांत बसतो, आणि त्याच्या वर दोन-तीनशे मीटरवर वारा जोरात वाहत असू शकतो. ऊन आलं की हे दोन थर मिसळतात आणि वरचा वारा खाली येतो, नेमका उतरायच्या वेळी. उड्डाणाआधी अंधारात हेलियमचा एक छोटा फुगा दिवा लावून सोडतात. तो किती उंचीवर कुठे वळतो, किती भरभर जातो, हे बघून पायलट वरचा वारा ओळखतो. त्या फुग्याने एकदा जोर धरला की खालचं पान हलो न हलो, उड्डाण नाही. तुर्कस्तानात कॅपाडोकियाला तर हा निर्णय कंपनीच्या हातातही नाही. तिथलं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण सगळ्यांसाठी मिळून ठरवतं. तुम्ही जाताय तिथे निर्णय कोण घेतं, तेही विचारा. आणि पायलट ‘नाही’ म्हणाला की त्याला गळ घालू नका. दुसरी कंपनी उडवतेय म्हणून तिच्याकडे धावू तर मुळीच नका.

दराच्या फरकाकडे वळू. तो बहुतेक वेळा तीन गोष्टींतून येतो: बास्केटमध्ये माणसं किती, हवेत वेळ किती, आणि तुम्ही थेट कंपनीकडून घेताय की मधल्या एजंटकडून. मोठ्या बास्केटमध्ये वीस-चोवीस, क्वचित त्याहूनही जास्त माणसं असतात. माणसं जास्त म्हणजे बलून आपोआप असुरक्षित, असं नाही. मोठ्या बास्केटला आत कप्पे असतात, पायलट मधल्या कप्प्यात, प्रवासी बाजूच्या चार किंवा जास्त कप्प्यांत. खरा प्रश्न असतो एका कप्प्यात किती. चौघांच्या कप्प्यात सहा कोंबले, तर एकालाही धड कठड्याशी उभं राहता येत नाही, आणि उतरताना खाली बसायलाही जागा पुरत नाही. म्हणून ‘बास्केटमध्ये किती?’ याच्या जोडीला ‘एका कप्प्यात किती?’ हेही विचारा. वेळेचं तसंच. जाहिरातीतल्या ‘तीन तासांच्या अनुभवात’ गाडीचा प्रवास, फुगा भरणं, घडी घालणं सगळं येतं. हवेत प्रत्यक्ष किती मिनिटं? ४५ ते ६० हे नेहमीचं उत्तर. यापेक्षा फारच कमी सांगितलं तर स्वस्ताईचं कारण तुम्हाला मिळालं.

एजंटकडून घेत असाल तर प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीचं नाव पावतीवर लिहून घ्या. बलून हे कायद्याने नोंदणीकृत विमान असतं. त्याच्या कापडावर विमानासारखा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. कंपनीकडे व्यावसायिक उड्डाणाचा परवाना आणि प्रवाशांचा विमा आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? नीट चालणाऱ्या कंपनीला हा प्रश्न रोजचा असतो, आणि ती एका ओळीत उत्तर देते.

आता माणसं. कोणी जायचं हे ठरवताना वरचा देखावा विसरा आणि फक्त दोन गोष्टी बघा: बास्केटमध्ये चढणं आणि बलूनसह जमिनीवर उतरणं. मधला तास तसा सोपा असतो. वाऱ्याबरोबर जाता म्हणून वारा लागत नाही, हेलकावे नसतात, बोट लागणाऱ्यांनाही सहसा मळमळत नाही.

सासूबाईंपासून सुरुवात करू. बास्केटला सहसा दार नसतं. वेताच्या भिंतीत पाय अडकवायला खाचा ठेवलेल्या असतात, त्यांवर पाय ठेवत छातीएवढी, म्हणजे ११० ते १२० सेंटिमीटर उंच भिंत ओलांडून आत उतरायचं असतं. खालून हात देणारी माणसं असतात, पण गुडघा वाकवून शरीराचा भार एका पायावर घ्यावा लागतोच. नंतर तासभर उभं राहायचं; बसायला जागा नसते. आणि उतरताना गुडघे वाकवून, पाठ टेकवून, दोरीचे मुठीएवढे फास धरून अर्धं बसल्यासारखं थांबायचं, त्यात एक किंवा जास्त धक्के. हे सगळं घरी करून बघता येतं. त्यांना आधार न घेता सव्वा तास उभं राहायला सांगा. स्वयंपाकघरातल्या ओट्याहून वीसेक सेंटिमीटर उंच काहीतरी ओलांडता येईल का, ते विचारा; प्रत्यक्ष करायला लावू नका. भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून अर्धा मिनिट थांबता येतं का बघा, दोनदा. यातलं एकही अवघड गेलं, तर त्यांनी जाऊ नये.

डॉक्टरांना ‘बलूनमध्ये बसलं तर चालेल का?’ असं विचारलं तर ते बहुधा ‘हो, सावकाश जा’ म्हणतील, कारण बसायचं असतं असंच त्यांनाही वाटेल. त्याऐवजी विचारा: सव्वा तास उभं राहणं, चार-पाच खाचा चढणं आणि पायरीवरून उडी मारल्यासारखा एखादा धक्का सोसेल का? हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर उत्तर ‘नाही’ असंच धरून चला. जोरात उतरताना होणाऱ्या दुखापतींमध्ये घोटा आणि गुडघ्याखालचं हाड मोडणं हेच जास्त आढळतं. सांधा बदललेला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, पाठीचा मणका सरकलेला किंवा गरोदर असलेली व्यक्ती, यांनाही जमिनीवरूनच बघू द्या. काही कंपन्यांकडे दार आणि पट्ट्याची खुर्ची असलेली बास्केट असते. विचारून बघायला हरकत नाही, पण फार कमी ठिकाणी असते.

सासूबाई मागे राहिल्या तर त्यांना हॉटेलवर झोपवून ठेवू नका. फुगा भरण्याचा अर्धा तास बघण्यासारखा असतो, आणि बलूनमागे धावणाऱ्या गाडीत जागा देणाऱ्या कंपन्याही आहेत. आधी विचारून ठेवा.

चिरंजीवांचा प्रश्न उंचीचा आहे. १२५ सेंटिमीटरच्या मुलाचे डोळे साधारण ११३ सेंटिमीटरवर येतात. भिंत ११० ची असेल तर त्याला कठड्यावरून दिसेल, १२० ची असेल तर समोर फक्त वेत. अशा वेळी मुलं पाय ठेवायच्या खाचांतून बाहेर बघतात, आणि ते काही वाईट दिसत नाही. त्याला उचलून घ्यायचं नाही, कडेवर नाही, कठड्यावर तर अजिबातच नाही. पायाखाली ठेवायला स्टूल किंवा बॅगही नको. उतरताना तीच घोट्याला लागते. म्हणून कंपनीला दोन गोष्टी विचारा: मुलांसाठी किमान वय आणि उंची काय, आणि भिंत किती उंच. बर्नरचा आवाज डोक्यावरच फुटतो, पहिल्यांदा मोठी माणसंही दचकतात. त्याला आधीच सांगून ठेवा, वाटल्यास कानावर लावायचं संरक्षण द्या, पण उतरण्याच्या सूचना सुरू झाल्या की ते काढायचं. मुलाला सूचना पाळता येत नसतील, मध्येच हट्ट करून हात सोडत असेल, तर उंची पुरेशी असूनही एक-दोन वर्षं थांबा.

तुमच्या यजमानांचं वजन कंपनीला खरं सांगा, कपडे-बुटांसह. वरचा हिशेब बघितलात ना? पायलट प्रत्येक उड्डाणाआधी तोच मांडतो, आणि कोण कुठल्या कप्प्यात उभं राहील हेही त्यावरूनच ठरवतो. काही कंपन्या ठरावीक वजनानंतर, बऱ्याचदा ११० ते १२० किलोंच्या पुढे, जादा आकार घेतात. १०४ला सहसा अडचण येऊ नये, पण नव्वद सांगून तिथे काट्यावर उभं राहण्याची वेळ येऊ देऊ नका.

त्यांच्या भीतीबद्दल जरा सविस्तर. गच्चीच्या कठड्याशी गरगरतं तेव्हा नजर इमारतीच्या भिंतीवरून थेट खाली घसरत जाते. बलूनला जमिनीशी जोडणारी अशी रेषच नसते. खालची जमीन नकाशासारखी सपाट दिसते. म्हणून उंचीला घाबरणाऱ्या बऱ्याच जणांना बलूनमध्ये त्रास होत नाही. सगळ्यांनाच होत नाही, असं मात्र नाही. त्यांना कप्प्याच्या आतल्या बाजूला, पायलटच्या भिंतीशी उभं करा, हातात दोरीचा फास द्या, आणि पहिली दहा मिनिटं नजर क्षितिजावर ठेवायला सांगा, खाली नाही. एक कसोटी आहे: काचेच्या लिफ्टमध्ये किंवा रोप-वेमध्ये ते अस्वस्थ होतात, की घामाघूम होऊन श्वास अडकतो? पहिलं असेल तर जाऊ द्या. दुसरं असेल तर नको, कारण बलून मध्येच थांबवता येत नाही. उतरण्याजोगी मोकळी जागा समोर येईपर्यंत पायलटही काही करू शकत नाही.

अपघातांची तुमची भीती अनाठायी नाही, म्हणून नेमकं काय घडतं तेच सांगतो. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी इजिप्तमध्ये लक्सर इथे उतरताना बलूनला आग लागून १९ जण गेले. ७ जानेवारी २०१२ रोजी न्यूझीलंडमध्ये कार्टरटनजवळ आणि ३० जुलै २०१६ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या लॉकहार्टजवळ बलून विजेच्या तारांना लागले. तिथे अनुक्रमे ११ आणि १६ जण दगावले. लॉकहार्टला त्या सकाळी धुकं होतं, आणि पायलटच्या प्रकृतीचा आणि औषधांचा प्रश्नही चौकशीत पुढे आला. त्यानंतर अमेरिकेत व्यावसायिक बलून पायलटना वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचं झालं. म्हणजे जीवघेणे धोके मुख्यतः दोन: तारा आणि आग. दोन्ही पायलटच्या हातात. प्रवाशाच्या हातात एवढंच की उडायची घाई करायची नाही, आणि पायलटने सांगितलं असेल तर तार दिसताच ओरडून सांगायचं. काही पायलट स्वतःहून तशी विनंती करतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं ते साधं: वाऱ्यात उतरणं. बलूनला ब्रेक नाही आणि सुकाणूही नाही. पायलट वर-खाली होऊन वेगवेगळ्या दिशेचा वारा पकडतो, तेवढीच दिशा त्याच्या हातात. बर्नर पेटवल्यावर मोठा बलून उत्तर द्यायला काही सेकंद घेतो, म्हणून पायलटला जे करायचं ते आधीच ओळखून करावं लागतं. उतरताना माथ्यावरची झडप दोरीने उघडून गरम हवा सोडतात; दोरी सोडली की ती आतल्या दाबाने आपोआप बंद होते. मोठ्या बलूनना बाजूलाही झडपा असतात, त्यांनी बास्केट फिरवून लांब बाजू पुढे आणतात. वारा नसेल तर बास्केट गाडीमागच्या ट्रेलरवर अलगद टेकवतात, आणि तुम्हाला वाटतं, एवढ्याचसाठी सूचना दिल्या का. वारा ताशी पंधरा किलोमीटरचा असेल तर बास्केट टेकते, उसळते, पुन्हा टेकते, कधी आडवी होते आणि काही अंतर तशीच फरपटते. यात बिघाड काही नाही. वेताची बास्केट वापरतात ती हा धक्का वाकून पचवते म्हणूनच.

त्या मिनिटात करायचं एवढंच. पाठ प्रवासाच्या दिशेला, गादी लावलेल्या भिंतीला घट्ट टेकलेली. गुडघे वाकलेले, पाय एकत्र. दोन्ही हात आतल्या दोरीच्या फासात. बाहेरचा कठडा किंवा बर्नरच्या नळ्या कधीच धरायच्या नाहीत. डोकं मागे टेकलेलं. फोन खिशात, कॅमेरा पिशवीत, गळ्यात मुळीच नाही. दुखापती होतात त्या याच वेळी पाय ताठ ठेवून उभं राहणाऱ्यांना किंवा शेवटचा व्हिडिओ घेणाऱ्यांना. टेकल्यावर ‘पोचलो!’ म्हणत उतरायला जाऊ नका. ७० किलोचा एक माणूस बाहेर पडला की बलून तेवढा हलका होतो आणि उरलेल्यांना घेऊन पुन्हा वर जाऊ शकतो. पायलट एकेकाला नावाने किंवा खुणेने सोडतो. बास्केट आडवी झाली असेल तरी तोपर्यंत तसंच पडून राहायचं.

हे सगळं उड्डाणाआधी सांगतात आणि प्रत्यक्ष करूनही घेतात. ही सूचना न देता, किंवा भलत्याच भाषेत दोन वाक्यांत उरकून कोणी तुम्हाला आत चढवत असेल, तर तिथेच थांबवा आणि पुन्हा विचारा.

मैदानावरची पहाट कशी जाते, ते थोडक्यात. कापड आडवं पसरून मोठ्या पंख्याने आधी गार हवा भरतात, मग बर्नरची ज्योत तोंडातून आत सोडतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत फुगा उभा राहतो. या वेळात पंख्याजवळ जायचं नाही, कापडावर पाय द्यायचा नाही, आणि माथ्याकडून ताणलेल्या दोरीच्या वाटेत उभं राहायचं नाही. मुलाचा हात धरून ठेवा. अंधारात त्या दोऱ्या दिसत नाहीत. उभा राहिला की चढायची घाई होते, कारण भरलेला बलून वाऱ्यात फार वेळ धरून ठेवता येत नाही. स्वच्छतागृह आधीच उरकून घ्या, वर काही सोय नाही.

कपड्यांची गंमत अशी की थंडी वाजते ती जमिनीवर, वर गेल्यावर नाही. मैदानात तास-दीड तास पहाटेच्या गारठ्यात थांबावं लागतं. वर बर्नरची उष्णता डोक्यावर असते आणि वारा नसतो. नेहमीच्या तीनशे ते सहाशे मीटरच्या उंचीवर तापमानात दोन-चार अंशांचाच फरक पडतो. म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा काढता येतील असे तीन पातळ थर घाला. टोपी हवीच, विशेषतः उंच माणसाला. ज्योत वरच असते. केस बांधलेले, स्कार्फ लोंबता नको. पूर्ण लांबीची सुती पँट आणि बंद, सपाट बूट. उतरायची जागा शेत असतं, दवाने भिजलेलं गवत किंवा काटे, आणि खाचेत पाय अडकवायला सँडल कुचकामी.

फोटोंसाठी फार सामान नेऊ नका. रुंद कोनाची एक लेन्स आतून फुगा टिपायला, एक लांबची दुसऱ्या बलूनसाठी, पण लेन्स बदलायला वर जागा नसते, त्यामुळे फोन आणि एक कॅमेरा पुरे. दोन्हींना मनगटाची पट्टी. सेल्फी-स्टिक आणि ट्रायपॉड कप्प्यात शेजाऱ्यालाच लागतात. कोपरा मिळवायला धक्काबुक्की करू नका. बलून हळूहळू फिरतो, पायलटही मुद्दाम फिरवतो, सगळ्यांना सगळं दिसतं.

सहलीत स्कूबा डायव्हिंग असेल तर त्यानंतर २४ तास बलून नको. बलून फार उंच जात नाही हे खरं, पण उड्डाणाची जागाच उंच पठारावर असू शकते.

राहिला प्रवास विमा. बऱ्याच पॉलिसींत बलून ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेला असतो, किंवा हवाई प्रवासाचं संरक्षण फक्त नियमित विमान कंपनीच्या प्रवाशापुरतं असतं. ‘परवानाधारक कंपनीच्या हॉट एअर बलूनमध्ये तिकीट काढलेला प्रवासी म्हणून झालेली दुखापत धरली जाते का?’ एवढाच प्रश्न विमा कंपनीला ई-मेलने पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर थोडा जादा हप्ता भरून ते कलम जोडता येतं का, तेही त्याच पत्रात विचारा. मात्र हे निघायच्या आधी करा. बऱ्याच पॉलिसींत प्रवास सुरू झाल्यावर भर घालता येत नाही.